कागदावरचे तीस तास

उदगीर मागं पडलं आणि आमची गाडी हळूच उजवीकडे सरकायला लागली, तेव्हा मी मोबाईलवर अक्काचा मेसेज वाचत होते. वर बघितलं तर समोरून दुधाचा टँकर येत होता. बजरंगचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, मान ताठ होती, डोळे उघडे होते. मला वाटलं, टँकर दिसतोय त्याला. पण टँकरवाल्यानं कानठळ्या बसतील असा हॉर्न दिला तरी याची पापणी लवेना, तेव्हा मी ओरडून स्टिअरिंगला हात घातला. टँकर आरशाला घासतो की काय इतक्या जवळून गेला.

"काय झालं?" बजरंगनं विचारलं. मला विचारलं!

"झोपला होतात तुम्ही."

"डोळे तर उघडे होते माझे."

"तेच तर सांगायले मी."

त्यानं गाडी बाजूला घेतली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि शर्टाला तोंड पुसत म्हणाला, "माहेरी बोलू नको." मी नाही बोलत म्हणून कबूल केलं.

बजरंग माझा नवरा, आणि तो विमान चालवतो. देशातल्या देशात, दिवसाला तीन-चार उड्डाणं, आणि दर उड्डाणाला पाठीमागं एकशेऐंशी माणसं. त्या दिवशी रात्रभर हैदराबाद-दिल्ली-हैदराबाद करून तो सकाळी साडेसातला घरी आला होता, आंघोळ केली होती आणि गाडीची किल्ली उचलली होती. मला गाडी चालवता येत नाही. शिकते शिकते म्हणत चार वर्षं घालवली, आणि आता माझा मलाच संताप येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्याला परत विमानतळावर हजर व्हायचं होतं. मधला सगळा वेळ कंपनीच्या कागदावर विश्रांती म्हणून लिहिला होता. तीस तास. त्या तीस तासांत आम्ही हैदराबादहून गंगाखेडजवळच्या माझ्या माहेरी जाणार, धोंड्याचं जेवण जेवणार आणि परत येणार होतो.

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून वाण द्यायचं, यात नवं काही नाही. पण आमच्या अण्णांनी, म्हणजे व्यंकटरावांनी, यंदा त्याला एक शेपूट जोडलं होतं. जेवणं झाली की दुसऱ्या दिवशी ते आणि माय काशीला निघणार, तेही विमानानं, आणि विमान चालवणार त्यांचे धाकटे जावई. तिकिटं, आम्हा बहिणींसकट सगळ्यांची, थोरल्या जावयानं काढली होती. मग धाकट्यानं मागं कसं राहायचं? बजरंगनं एका सहकाऱ्याशी अदलाबदल करून वाराणसीचं ते उड्डाण स्वतःकडे घेतलं आणि बदल्यात त्याच्या लागोपाठ तीन रात्रींची उड्डाणं अंगावर घेतली. हे मला सांगितलं तेव्हा मी आनंदानं टाळी वाजवली होती. इतकी मी मूर्ख.

दुपारी तीनला आम्ही वस्तीच्या वळणावरून गावात शिरलो. दारात मांडव, अंगणात खुर्च्या, चुलते, मावश्या, शेजारीपाजारी. माय भाकरतुकडा घेऊन पुढं आली आणि आमच्यावरून ओवाळून टाकताना म्हणाली, "जावईबापू, डोळे लय लाल दिसायलेत."

"उन्हानं, मामी," बजरंग म्हणाला.

थोरले जावई आधीच येऊन बसले होते. योगीराज. मी त्यांना दाजी म्हणते. सेलूकडच्या बागायतदाराचा मुलगा, मोठमोठी विमानं घेऊन शिकागो नि टोरांटोला जाणारा. अर्पिताअक्कानं येताना चॉकलेटांची अख्खी बॅग आणली होती आणि ती गल्लीभर वाटून झाली होती. बजरंगचं तसं नाही. तो पाथरी तालुक्यातला. दोन एकर कोरडवाहू, आणि दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला. सरकारी शिष्यवृत्तीवर तो वैमानिक झाला, तेव्हा कुठं अण्णांना त्याचं घराणं चांगलं वाटायला लागलं. हे मी रागानं लिहितेय, पण खोटं नाही. ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत वाढलेल्या त्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली आहे, ती म्हणजे झोप येते म्हणून काम सोडायचं नसतं. त्याची आई पहाटे तीनला उसाच्या फडात जायची, संध्याकाळी गाडी भरायची, आणि झोप आली म्हणून कधी म्हणाली नाही, असं त्यानं मला शंभरदा सांगितलं आहे.

चार वाजता दोन पाट मांडले. दोन्ही जावई शेजारी शेजारी, आम्ही बहिणी डाव्या हाताला. मायनं तांब्याच्या ताटात तेहतीस तेहतीस अनारसे रचून वर दिवा लावून आणले. धोंडे, तूप, कटाची आमटी. दाजींनी एक अनारसा उचलला आणि नखानं त्यावरची खसखस खरवडायला लागले.

"काय झालं, जावईबापू? खवट लागायली का?" मायचा चेहरा उतरला.

"न्हाई हो मामी. आमच्यात कधीपण तपासणी होते. खसखस खाल्ली तरी अफूसारखं उमटतं म्हणतात. उगी झंझट कशाला."

"आणि दारू?" पंडितकाकांनी विचारलं. हे आमचे चुलते. त्यांना दुसरं काही सुचतच नाही.

"प्रत्येक उड्डाणाच्या आधी नळीत फुंकावं लागतं, काका. खोकल्याचं औषध घेतलं तरी घरी."

मी बजरंगकडं बघितलं. तोही मान खाली घालून खसखस खरवडत होता आणि त्याच अनारशाला पुन्हा पुन्हा नख लावत होता. खसखस कधीच निघून गेली होती. मला वाटलं, यांचा श्वास तपासतात, लघवी तपासतात, आणि हा माणूस शेवटचा कधी झोपला ते कुणीच तपासत नाही.

जेवण झाल्यावर अंगणात बैठक जमली आणि पंडितकाकांनी वात पेटवली. "आता सांगा बरं. दोघांत मोठा पायलट कोण?"

"त्यात काय विचारायचं?" दाजी हसले. "मी एकदा उडालो की चौदा तास उतरायचं नाव न्हाई. बजरंगराव म्हणजे आपली गंगाखेड-परभणी एसटी. चढा, उतरा. चढा, उतरा."

सगळे खो खो हसले. अण्णासुद्धा. मला दाजींच्या टाळक्यात तांब्या घालावासा वाटला.

बजरंगही हसला. "दादा, तुमी महिन्यातून तीनदा विमान जमिनीला लावता. मी दिवसातून चारदा लावतो. उतरवायचं इसरलात तर आमच्याकडं शिकायला या."

आता हशा बजरंगच्या बाजूनं झाला. दाजींनी मोठ्या मनानं हात जोडले.

"पण हॉटेलं लय मोठी असतील तुमची," कुणीतरी म्हणालं.

"असतात की. जाडजाड पडदे. उठलो की घड्याळात चार वाजलेले, आणि पहाटेचे का दुपारचे ते कळायला पडदा सारावा लागतो. मागं शिकागोत चतुर्थी सोडली, चंद्र बघून, सगळं यथासांग. मुंबईत उतरलो तर ही म्हणते, चतुर्थी उद्या हाय."

अक्का हसली नाही. "महिन्यातले वीस दिवस मी कुणाशी बोलते ते विचारा," ती म्हणाली, पण ते कुणी ऐकलं नाही.

"आमचं बरंय मग," बजरंग म्हणाला. "आमी बहुतेक घरीच झोपतो. फक्त सोमवारी पहाटे तीनला उठायचं आणि गुरुवारी पहाटे तीनला झोपायचं. बिछाना तोच, वेळ रोज नवी."

"आमाला विमानातच खोली असते. चार वैमानिक, दोघं चालवतात, दोघं झोपतात."

"आमी दोघंच. खुर्चीत."

"तरी पण सांगतो," दाजी पुढं झुकले. गोष्ट रंगवायची त्यांना आवड आहे. "एकदा कास्पियन समुद्रावर होतो. मागचे दोघं खोलीत गेलेले. आमी दोघं पुढं. खाली काळंभोर, वर काळंभोर, सगळं आपोआप चाललेलं. मी म्हणलं जरा डोळे मिटतो, हा जागा हाय. त्याला वाटलं, मी जागा हाय. एकदम कानात आवाज. खाली जमिनीवरचा कंट्रोलवाला हाका मारायला होता. म्हणे, ही चौथी हाक हाय."

"किती येळ झोपला होतात?" अण्णांनी विचारलं.

"ते कुणाला ठावं, अण्णा? तिथं जागं कोण होतं?"

अंगण पुन्हा हसलं. मायनं मात्र "अगं बाई" म्हणून पदर तोंडाला लावला. बजरंगही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. एकटाच, मोठ्यानं. पंडितकाकांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

थोड्या वेळानं दोघं जावई उठून गोठ्यामागं गेले. मी चहा घेऊन निघाले आणि कडब्याच्या गंजीशी थबकले, कारण बजरंग दबक्या आवाजात बोलत होता.

"शनिवारी पुण्याला उतरलो, दादा. जमीन दोनशे फुटांवर येईपर्यंत आठवतंय. मग एकदम चाकं टेकल्याचा दणका. मधलं न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"न्हाईच. फिल्म तुटावी तसं."

"बाजूच्याला कळलं?"

"त्याला वाटलं, मीच उतरवलं."

"मग उतरवलं कुणी?"

"मीच. हातांनी."

म्हैस शेपटीनं माश्या हाकलत होती. कपबशा वाजू नयेत म्हणून मी तबक पोटाशी धरलं.

"ऐक," दाजी म्हणाले. अंगणातला खेळकर आवाज आता नव्हता. "हे कुणाला बोलू नको. राजेश्रीलापण नको. बोललं की कागद होतो, आणि कागद झाला की तुला जमिनीवर बसवतात. महिनाभर तपासण्या, मग कमिटी. तुझी चार महिन्यांची कॅप्टनकी हाय. जपून राह्य."

"उद्याचं काय?"

"उद्याचं एकच उड्डाण हाय. दोन तासांचं. कॉफी पी, गार हवा तोंडावर घे. आमीपण तसंच करतो."

मी तिथूनच परत फिरले. चहा चुलीपाशी ठेवला आणि न्हाणीघराचं दार लावून रडले. नळ सोडून, म्हणजे आवाज जायला नको. चार माणसांच्या घरात बाईला रडायला तीच एक जागा असते.

संध्याकाळी मी त्याला माडीवर गाठलं. "शनिवारचं ऐकलं मी. आत्ता फोन लावा आणि उद्या येत नाही म्हणून कळवा."

"काय कारण सांगू?"

"थकलो म्हणून सांगा. तुमचा हक्क आहे तो."

"एप्रिलमध्ये सांगितलं होतं की. काय झालं ते माहीत आहे तुला."

मला माहीत होतं. त्याच्या कंपनीतल्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं, चहा पाजला आणि हसत हसत विचारलं, कॅप्टनची खुर्ची फार लवकर मिळाली का तुम्हाला? पुन्हा असं झालं तर विचार करावा लागेल. रागवले असते तर बजरंगनं ऐकून सोडून दिलं असतं. ते हसले, म्हणून त्याला महिनाभर त्याचं लागून राहिलं.

"आणि अण्णांना काय सांगू?" तो म्हणाला. "गावभर पत्रिका वाटल्यागत सांगून ठेवलंय त्यांनी. थोरल्यानं तिकिटं काढली आणि धाकटा झोप येते म्हणून घरी बसला? माझ्या आईबापाचं नाव निघंल, राजेश्री. तुझ्या घरात मी कोण आहे ते मला ठाऊक आहे."

"मग आत्ता तरी झोपा. आठच वाजलेत. खाली मी सांभाळते."

त्यानं ऐकलं. आडवा झाला, डोळे मिटले. पण मारुतीच्या देवळात सप्ताह बसलेला होता आणि कर्णा थेट आमच्या माडीच्या तोंडावर बांधलेला होता. मी देवळात माणूस पाठवला, तर अण्णाच उलट माझ्यावर खेकसले. देवाचं नाव बंद करायला सांगतीस? वीज दोनदा गेली. मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. तीन रात्री जागून काढल्यावर झोप रुसून बसते म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. सगळा वेळ तो डोळे मिटून जागा होता, आणि काकड्याला उठून बसला.

निघायच्या आधी मी अण्णांना धान्याच्या खोलीत गाठलं. वचन मोडायचं ठरवूनच गेले होते. "अण्णा, आज जाऊ नका. त्यांची झोप झालेली नाही. काल येताना गाडीत..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. "शुभ कामाला निघताना काय बोलायलीस? शेतात रात्र रात्र पाणी देऊन सकाळी कोर्टात तारखेला जायचो मी. माणूस जागा ऱ्हातो गरज पडली की. गप."

मी गप बसले. मला त्यांचा राग येतो, पण माझा जास्त येतो.

दाजींनी ड्रायव्हरसह मोठी गाडी ठरवली होती, आमची गाडी गावातच ठेवली. सात तास बजरंगला झोपता आलं असतं. पण अण्णा त्याच्या शेजारी बसले, आणि सासऱ्याच्या खांद्याला खांदा लावून पाय पसरून झोपणारा जावई आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. अहमदपूरपासून झहीराबादपर्यंत अण्णा विचारत राहिले. वर गेल्यावर वारा लागतो का? ढगात खड्डे असतात का? पेट्रोल संपलं तर? बजरंग प्रत्येक प्रश्नाला नीट, मान देऊन उत्तर देत होता. झहीराबादच्या पुढं त्याची उत्तरं लहान झाली. मग तो नुसतं "हो" म्हणायला लागला. अण्णांनी विचारलं, "खिडक्या उघडता येतात का?" तो म्हणाला, "हो."

मागच्या सीटवर माय अक्काला दशम्या देत होती. दाजींनी ते "हो" ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

विमानतळावर तो गणवेश घालून आला तेव्हा माझी माय त्याच्याकडे बघतच राहिली. खरंच रुबाबदार दिसत होता. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, पांढराशुभ्र शर्ट. नळीत फुंकून आला होता, शून्य आलं होतं. मी त्याचा हात धरला. बर्फासारखा गार होता.

"अजून वेळ आहे," मी म्हणाले.

"दोन तास आहेत फक्त. मग काशीत झोपतो. दोन दिवस झोपतो, तू जेवायलासुद्धा उठवू नको." तो हसला आणि गेला. चुकीच्या दारानं गेला, परत आला, मग बरोबर दारानं गेला.

विमानात चढताना मायनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. बजरंग कॉकपिटच्या दारात उभा होता. तो वाकून दोघांच्या पाया पडला. लोक कौतुकानं थांबून बघत होते, कुणी फोटो काढला. खाली वाकलेला बजरंग वर यायला वेळ लागला. त्यानं दाराची कड धरली, तेव्हा उठला. अण्णांचे डोळे भरून आले होते. त्यांना तो नमस्कार लांबलेला वाटला असेल.

अण्णा खिडकीशी, माय मधे, मी कडेला. पलीकडच्या बाजूला दाजी आणि अक्का. दार बंद झालं. हवाई सुंदरीनं मायचा पट्टा बांधून दिला. मग वरच्या छोट्या जाळीतून बजरंगचा आवाज आला, मराठीत.

"नमस्कार मंडळी. मी कॅप्टन बजरंग बोलतोय. आज आपल्या विमानात माझे सासरे व्यंकटराव आणि सासूबाई नर्मदाबाई पहिल्यांदाच प्रवास करत आहेत. त्यांना मी काशीला घेऊन चाललोय."

ज्यांना मराठी कळलं त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं बघून बाकीच्यांनी वाजवल्या. अण्णांनी उठून हात जोडायचा प्रयत्न केला, पट्ट्यानं त्यांना खाली ओढलं. माय रडत रडत हसत होती. मला क्षणभर वाटलं, चुकलंच माझं, बरं चाललंय सगळं. आवाज तर किती स्वच्छ आहे.

मग काही वेळ जाळीतून नुसता श्वास ऐकू आला. बटण दाबलेलंच राहिलं होतं.

"नमस्कार मंडळी," आवाज म्हणाला. "मी कॅप्टन बजरंग बोलतोय. आज आपल्या विमानात माझे सासरे व्यंकटराव आणि सासूबाई नर्मदाबाई पहिल्यांदाच प्रवास करत आहेत. त्यांना मी काशीला घेऊन चाललोय."

शब्दाला शब्द तोच. थांबायच्या जागासुद्धा त्याच. लोकांना गंमत वाटली, हशा पिकला, पुन्हा टाळ्या झाल्या. "लय हौशी माणूस," मागं कुणीतरी म्हणालं. दाजींनी टाळी वाजवली नाही. त्यांचे दोन्ही हात मांड्यांवर होते आणि ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते.

"दाजी," मी म्हणाले. "उठा. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"राजेश्री, दारं लागलीत."

"तुम्हाला कळलं ना काय झालं ते?"

"कळलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी सांगितलं तर तो संपला. बाजूला दुसरा वैमानिक असतो. सगळेच असे उडतात. मीपण."

मी अण्णांकडे बघितलं. खिडकीला नाक लावून ते पंख न्याहाळत होते. मायनं माझ्या मांडीवर हात ठेवला होता, तिच्या मुठीत गंगेत सोडायला आणलेला गोदावरीच्या पाण्याचा छोटा गडू होता, झाकणाला प्लॅस्टिक बांधून. विमान मागं ढकलायची तयारी म्हणून खाली खडखड सुरू झाली. मला ऊसतोडीला गेलेली माझी सासू आठवली नाही, साहेबांचं हसणं आठवलं नाही. मला फक्त तो टँकर दिसत होता, आणि त्याचे उघडे डोळे.

मी पट्टा सोडला आणि उभी राहिले.

"मॅडम, प्लीज बसून घ्या."

"विमान थांबवा," मी म्हणाले. कुणी हललं नाही म्हणून पुन्हा ओरडले. मराठीत, मग हिंदीत, मग मोडक्या इंग्रजीत. "कॅप्टन माझा नवरा आहे. तो तीन रात्री झोपलेला नाही. त्याला भान नाही. विमान थांबवा!"

टाळ्या वाजवणारी सगळी तोंडं माझ्याकडे वळली. कुणी मोबाईल वर केला. "पागल है क्या?" एक माणूस म्हणाला. मायनं माझा पदर ओढला, "बस गं, बस, काय करायलीस, बस." अण्णांनी माझं नाव घेतलं, असं, की लहान असते तर मी लपून बसले असते. अक्का मात्र पट्टा सोडून उठली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. वीस दिवस एकटी राहणारी माझी बहीण.

हवाई सुंदरीनं भिंतीवरचा फोन उचलून कॉकपिटमधल्या दुसऱ्या वैमानिकाला गाठलं. बोलली, थांबली, पुन्हा बोलली. तिचा चेहरा बदलला. तिनं मला बस म्हणून सांगायचं सोडून दिलं. विमानाखालची खडखड थांबली आणि आतले दिवे जरा मंद होऊन पुन्हा लागले.

बराच वेळ गेला. मग कॉकपिटचं दार उघडलं आणि बजरंग बाहेर आला. ज्या रस्त्यावरून रोज लोक त्याच्याकडे मान वर करून बघत यायचे, त्या चिंचोळ्या रस्त्यानं तो एकेका सीटचा आधार घेत माझ्याकडे येत होता. मी मनाची तयारी केली होती. चारचौघांत त्यानं कानाखाली मारली असती तरी मी खाली बघितलं असतं. त्याची खुर्ची मी घालवली होती, त्याच्या आईबापाचं नाव मी काढायला लावलं होतं, आणि ते त्याच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

तो माझ्यासमोर येऊन थांबला. डोळे लालभडक, ओठ कोरडे. कुणावरच रागावलेला नव्हता. पहिल्यांदाच शाळेतून घरी आलेल्या पोरासारखा माझ्याकडे बघत होता.

"झोपू का आता?" त्यानं विचारलं.